कवडीमोल कोण?

मालदीवला चार दिवस राहून आलेले एक गृहस्थ परवा लग्नाच्या पंगतीत सांगत होते, "अहो, वाळू आणि नारळ, दुसरं होतं काय तिथं? कवडीमोल बेटं! पर्यटनानं सोनं केलं. पर्यटक जेवढे जास्त, तेवढा देश सुखी." एवढंच त्यांचं अर्थशास्त्र. बाकीचं भाषण पाण्यावरच्या खोलीच्या भाड्याचं होतं.

त्यांनी नेमका 'कवडीमोल' हाच शब्द वापरला, म्हणून लिहायला बसलो. महाराज, कवडी येते कुठून? आजीच्या डब्यातल्या त्या पिवळट, पोटाशी दातेरी फट असलेल्या कवड्या आठवा. सारीपाटावर त्या पडायच्या, तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यात त्यांच्या माळा असतात. शतकानुशतकं जगाला कवड्या पुरवणारं मोठं ठिकाण मालदीवच. बंगालात त्या चलन म्हणून चालत. 1343-44च्या सुमारास प्रवासी इब्न बतूता या बेटांवर काझी होता. कवड्या देऊन बंगालचा तांदूळ घेतात, इथल्या काथ्यानं जहाजांच्या फळ्या शिवतात, हे त्यानं नोंदवून ठेवलंय. एकेका गळानं कुप्पा मासा धरून, शिजवून, धुरी देऊन वाळवायचा आणि सिलोनला विकायचा, हा व्यापारही जुनाच. 'काहीच नव्हतं' ते हे!

'इथं काहीच नव्हतं' हे वाक्य मी धरणाच्या वेळी ऐकलं, महामार्गाच्या वेळीही ऐकलं. ते बोलणाऱ्याचं नाव त्या जागेच्या सातबाऱ्यावर कधीच नसतं.

आता 'पर्यटक जेवढे जास्त, तेवढा देश सुखी' या मुद्द्याचं, थोडक्यात. पाच लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात 2024मध्ये वीस लाखांवर पर्यटक आले. त्यांचा कचरा कुठं जातो, ते थिलाफुशी बेटाला विचारा. ते कचऱ्याच्या भरावावरच वाढलंय. डिसेंबर 2014मध्ये आगीमुळे राजधानी मालेचा समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प बंद पडला, तेव्हा भारतानं विमानांतून पाणी धाडलं. बहुतांश जमीन समुद्रापेक्षा जेमतेम मीटरभर उंच आहे. सोन्याला एवढं ओझं झेपेल?

मग पर्यटन नको का? हवं. 1972मध्ये कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट उघडलं, त्यातून देशाकडे पैसा आला, हे मी नाकारत नाही. पण दीर्घकाळ पाहुण्यांचं बेट वेगळं आणि गावकऱ्यांचं वेगळं, हीच रीत होती. 2009नंतर वस्तीच्या बेटांवर गेस्ट हाउसना वाट मोकळी झाली, तेव्हा माफुशीसारख्या गावातल्या माणसालाही स्वतःच्या दारात पाहुणा घेता आला. सकाळी रोशी नावाच्या पोळीबरोबर मासहुनी, म्हणजे कुप्पा, खोबरं, कांदा, मिरची आणि लिंबू कालवलेलं ताट, यजमानाच्या घरातून यावं. वाढ व्हायची तर अशी व्हावी.

त्या गृहस्थांच्या मताची किंमत विचाराल, तर ती कवडीतच सांगावी लागेल. आणि ती कवडीही मालदीवहूनच मागवावी लागेल.