पहिल्या पंगतीत बसा

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस होता. पहाटेपासून पुरण, वडे, कढी, आंबील, सोळा भाज्या. नैवेद्य झाला, पंगती उठल्या आणि घरच्या बाया जेवायला बसल्या तेव्हा चार वाजले होते. आमच्या शेजारच्या वहिनी तोवर नुसत्या चहावर. मग तुपात भिजलेल्या दोन पुरणपोळ्या आणि वडे. रात्री उजव्या बरगडीखाली अशी कळ उठली, की पाठीतून खांद्यापर्यंत गेली. घरचे म्हणाले, "पित्त झालं असेल, सोडा घे." वर्षभर असंच चाललं होतं. शेवटी सोनोग्राफी केली, तर पित्ताशयात खडे!

मैत्रिणींनो, हा 'पित्त' शब्दच आपला घात करतो. छातीत जळजळलं की पित्त, डोकं दुखलं की पित्त. खरं पित्त यकृतात तयार होतं आणि त्याखालच्या छोट्या पिशवीत, म्हणजे पित्ताशयात साठतं. तेलातुपाचं अन्न पोटात गेलं की ही पिशवी आकसते आणि पित्त आतड्यात सोडते. त्या वेळी खडा तोंडाशी अडकला की कळ येते. फार वेळ उपाशी राहिलं तर पित्त साचून घट्ट होतं आणि खडे व्हायला वाव मिळतो. पुरुषांपेक्षा बायांना हा त्रास जास्त. बाळंतपणं, संप्रेरकं, वाढलेलं वजन ही त्याची कारणं. त्यात आपले उपास आणि सर्वांत शेवटी जेवायची रीत!

मग खायचं काय? सावजीचा रस्सा, पोह्यांवरची तर्री, वडाभातावर ओतलेलं फोडणीचं तेल, हे त्रास असेपर्यंत दूरच ठेवा. ज्वारीची भाकरी, साधं वरण, लवकी, दोडकं, पालक, पातळ ताक आणि आपलं नागपूरचं संत्रं चालतं. संत्र्याचा रस काढू नका, फोडी खा. तेल अगदी बंदही करू नका आणि उपाशी राहून झटपट वजन उतरवू नका, त्यानंही खडे होतात. तेलाचा पिपा किती दिवस पुरला, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा, म्हणजे हात आपोआप आवरतो. उपास असेल तर दिवसभर कोरडं राहून संध्याकाळी दाण्याचा कूट घातलेली साबुदाण्याची उसळ नको. दर तीन-चार तासांनी फळ, ताक, थोडी भगर घ्या.

एक मात्र खरं, पथ्यानं कळा कमी होतात, पण झालेले खडे विरघळत नाहीत. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन खडे पडतात, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. शौचातून पडतात त्या बहुधा तेलाच्याच साबणासारख्या गुठळ्या असतात. कळ थांबत नसेल, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले तर रात्र काढू नका, तडक दवाखाना गाठा. खडे आहेत पण त्रास काहीच नाही, अशा प्रत्येकीला ऑपरेशन लागतंच असं नाही. ते डॉक्टरांना ठरवू द्या. ऑपरेशन सांगितलं तर घाबरूही नका. १९९० साली मुंबईत डॉ. टेहेम्टन उडवाडिया यांनी देशात पहिल्यांदा दुर्बिणीनं पित्ताशय काढलं. आता ही शस्त्रक्रिया सर्रास होते आणि बहुतेक जणी थोड्याच दिवसांत घरी येतात. पित्ताशय नसलं तरी यकृतातलं पित्त थेट आतड्यात उतरतं, त्यामुळे हळूहळू नेहमीचं जेवण पचू लागतं.

वहिनींचंही ऑपरेशन झालं. पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांना त्यांनी सकाळीच केळं खाल्लं आणि नैवेद्य होताच पहिल्या पंगतीत बसल्या. आम्हाला वाटलं, आता सासूबाई काही बोलणार. त्या बोलल्या नाहीत. पदर खोचून वाढायला उभ्या राहिल्या आणि वहिनींच्या पोळीवर तूप मात्र थेंबभरच सोडलं. आपल्या घरातही हे होऊ शकतं. पण आपलं दुखतंय, हे आधी आपण सांगायला हवं ना?