डॉक्टरांची नजर कुठे?

परवा घोडबंदर गावातल्या एक आजी मोठ्या रुग्णालयात जाऊन आल्या. म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. सारखे टीव्हीकडे बघत होते!” टीव्ही म्हणजे संगणक.

दोष त्या तरुण डॉक्टरांचा नाही. बाहेर रांग आणि समोर भरायचे असंख्य रकाने. आजींना सल्फाची ॲलर्जी. ती नोंद संगणकात होती, पण आतल्या पानावर दडलेली. नशीब, गोळी घेण्यापूर्वी त्या माझ्याकडे आल्या.

संगणकाला माझा विरोध नाही. कागद हरवतात, नोंदी टिकतात. केंद्र सरकारने २०१३ मध्ये त्यांची मानके ठरवली, २०१६ मध्ये सुधारली. २०२१ पासून आरोग्य खात्याचा १४ अंकी ‘आभा’ क्रमांकही देशभर मिळू लागला. पण रोज वापरणारा डॉक्टर वैतागला, तर नोंद घाईची होते आणि भोगतो रुग्ण.

म्हणून प्रणाली घेण्यापूर्वी डॉक्टर व परिचारिकांना विचारा. ॲलर्जी पहिल्याच पानावर, लाल अक्षरांत दिसू द्या. अनावश्यक रकाने काढा. टंकनाला मदतनीस द्या.

आणि वाचकहो, तुमची ॲलर्जी डॉक्टरांना तोंडानेही सांगा. संगणकावर विसंबू नका!