नंबर नको, नाव वाचा!

आमचा भाचा वेबसाइटींच्या परीक्षा घेतो. स्वतः नाही हो; त्याने त्यासाठी सेलेनियम नावाचा अदृश्य कारकून ठेवला आहे. तो ब्राउझर उघडतो, फॉर्म भरतो, बटणं दाबतो आणि चहाला उठत नाही. एवढ्यावरूनच माझं त्याच्याविषयी मत वाईट झालं होतं.

परवा भाच्याने तो चालवून दाखवला. जिल्ह्यांची यादी उघडली आणि पठ्ठ्याने पुणे निवडलं.

"नाव वाचलं वाटतं?"

"छे, मामा! इंडेक्स सव्वीस. शून्यावर 'निवडा' असतं, तिथून मोजायचं."

वाचकहो, इथेच माझ्यातला बी. कॉम. खवळला. इंग्रजी अक्षरक्रमाच्या यादीत हेच पुणे पूर्वी पंचविसावं होतं. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, मध्ये घुसला आणि पंचविसाव्या जागी परभणी आली. जुना नंबर घेऊन बसलेला कारकून पुण्याची म्हणून परभणीची परीक्षा घेणार आणि हिरवी खूण करून मोकळा होणार! पुण्याच्या तालुक्यांची यादी रिकामी असली तरी त्याला पत्ता नाही. मग हयातीच्या दाखल्याला आलेल्या आजींना फॉर्मवर हवेली तालुका सापडत नाही, पेन्शन अडतं आणि बोलणी खातो खिडकीतला मी.

"पण नावंही बदलतात," भाचा म्हणाला. "२०२३ साली उस्मानाबादचं धाराशिव झालं. नावाने निवडणाऱ्या टेस्टा मोडल्या असतील."

मोडू देत की! मोडली म्हणजे ओरडली. रोकड जुळत नाही म्हणून ओरडणारा कॅशियर परवडला. न मोजता 'जुळली' म्हणणारा नको. फार तर पर्यायामागचा कोड वापरा. तो खातेक्रमांकासारखा, रांगेतली जागा बदलली तरी बदलत नाही. पण गिऱ्हाईक वाचतं ते नाव. चेकवर आकडा एक आणि अक्षरं दुसरी असतील तर अक्षरी रक्कम खरी, हे १८८१ च्या कायद्यात लिहून ठेवलंय. आमचे साहेबसुद्धा ते मानतात!

भाचा काही बधला नाही. तेवढ्यात आतून हिने विचारलं, "पिठलं, कारलं की थालीपीठ?"

"एक नंबरचं, मामी!"

हिने सगळं ऐकलं होतं. शून्यापासून मोजलं आणि पानात कारलं वाढलं.

भाचा केवढ्यांदा ओरडला! म्हटलं, शाबास. चुकीचं आलं की असंच ओरडावं.