मोटारीचा घाट

महामार्गावरची सारी रहदारी लोणावळ्यातून वाहत असे, त्या काळी तुंगार्लीच्या रहिवाशाला मोटारींची पारख आपोआप होई. द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. तोवर मुंबईची मोटार खोपोलीपासून धापा टाकीत, शिंग्रोबापुढे नाणे टाकून वर येई आणि पुष्कळदा वाटेतच टोपण उघडून वाफ सोडीत उभी राही. त्या गाड्या बहुशः दोन जातींच्या होत्या. एक मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली अँबॅसडर, दुसरी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट. आपण त्यांच्यावर मनापासून प्रेम केले. मात्र ही मोटार कोणत्या रस्त्यावर, कोणासाठी चालायची आहे, हा प्रश्न त्यांच्या आराखड्यात आपल्या वतीने कोणीही विचारलेला नव्हता.

हा प्रश्न विचारून घडवलेल्या मोटारी फ्रान्समध्ये होत्या. आपल्याकडे त्यांची गणना ‘विक्षिप्त’ या सदरात होते. ह्या विशेषणालाच आमचा आक्षेप आहे.

मराठीच्या वर्गात फ्रेंच मोटार येते ती रोलाँ बार्थच्या बोटाला धरून. १९५५ च्या पॅरिस प्रदर्शनात सित्रोएनची डी.एस. अवतरली. फ्रेंच उच्चारात ती अक्षरे ‘देवी’ या शब्दासारखी ऐकू येतात. बार्थने तिची तुलना मध्ययुगीन गॉथिक कॅथीड्रलांशी केली. निबंध सुंदर आहे यात शंका नाही. पण त्याची नजर पत्र्याचे सांधे, काच आणि गुळगुळीतपणा यांवरच रेंगाळते. खरी नवलाई खाली होती. पोल मॅजेस या तंत्रज्ञाने पोलादी स्प्रिंगांऐवजी नायट्रोजन वायू आणि दाबाखालचे तेल यांवर गाडी तोलली होती. माणसे बसली, सामान चढले, तरी गाडी आपली उंची आपणच सावरून घेई. तेच तेल ब्रेकला आणि सुकाणूलाही बळ पुरवी. इंजिन मात्र १९३४ च्या ‘त्राक्स्याँ आव्हाँ’च्या घराण्यातले, जुनेच. देवीचे हृदय उसने होते, ही गोष्ट बार्थच्या भक्तांना सहसा ठाऊक नसते.

तरीही डी.एस. ही श्रीमंताघरची. आमच्या मते खरा धडा १९४८ साली जगापुढे आलेल्या ‘द्यू शव्हो’चा आहे. कंपनीचे प्रमुख प्येर बुलाँजे यांची मागणी प्रसिद्धच आहे: दोन शेतकरी, पन्नास किलो बटाटे, ताशी साठ किलोमीटर, आणि नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतले अंडे फुटता कामा नये. त्या मागणीतून जे निघाले ते पाहून प्रेक्षक हसले. छप्पर कापडाचे, आसने काढून झाडाखाली मांडता येतील अशी. पुढचे आणि मागचे चाक स्प्रिंगांनी एकमेकांशी जोडलेले, म्हणजे पुढच्या चाकाने खाल्लेल्या खड्ड्याची वर्दी मागच्याला आधीच मिळे. ३७५ घनसेंटिमीटरचे दोन नळकांड्यांचे इंजिन वाऱ्याने थंड होई. रेडिएटर नाहीच, तेव्हा उकळायला पाणीही नाही. खोपोलीच्या चढणीवर बादली घेऊन धावलेल्या माणसाला ह्यात विक्षिप्तपणा कुठे दिसावा?

१९६१ ची रेनो ४ घ्या. तिच्या डाव्या आणि उजव्या बाजूंना पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर सारखे नाही, सुमारे ४८ मिलिमीटरचा फरक आहे. मागच्या चाकांना तोलणाऱ्या पिळाच्या दांड्या आडव्या, एकीमागे एक बसवल्या, की आतली जमीन सपाट मिळते. चाके समोरासमोर राहिली नाहीत तर न राहोत! सममितीचा आग्रह सोडायला धैर्य लागते, आणि ते आपल्या कवींनाही नेहमी साधत नाही.

मराठी समीक्षेत रूपाला ‘घाट’ म्हणतात. आशय आधी पक्का असेल तर घाट वेगळा निघणारच. तो वेगळेपणा लेखकाने मिरवण्यासाठी चढवलेला नसतो. ‘प्रयोगशील’ म्हणून एखाद्या कादंबरीची बोळवण करताना आपण ही तपासणी क्वचितच करतो.

अर्थात ह्या गाड्या इथे आणल्या असत्या तर सुख लाभले असते, असे भाबडे विधान आम्ही करणार नाही. पहिल्या द्यू शव्होची शक्ती नऊ अश्वशक्तीची. बोरघाट चढताना मागच्या मालमोटारींनी तिला शिव्या घातल्या असत्या. शिवाय तिचे वायपर वेगमापकाच्या तारेवर फिरत. गाडी मंदावली की तेही मंदावत. मग चालकाने हाताने फिरवावेत. तुंगार्लीच्या आषाढात, चढणीवर, धुक्यात! फ्रेंच शेतकऱ्याचा आशय आमच्या पावसाला पुरा पडत नाही. त्यासाठी कोणीतरी इथे बसून, इथलेच बटाटे आणि इथलीच अंडी मोजायला हवी होती.

पुढे फ्रेंच मोटार महाराष्ट्रात घडलीही. १९९० च्या दशकात प्रीमियरच्या कल्याणच्या कारखान्यातून प्यूजो ३०९ बाहेर पडू लागली. युरोपातून ती तोवर निवृत्त होत होती, आणि कल्याणलाही तिचा संसार ते दशक संपण्यापूर्वीच आटोपला. ती पाण्याने थंड होणारी, चारचौघींसारखी गाडी होती. फ्रेंच म्हणून ओळखावी अशी एकच खूण आम्हांस तिच्यात सापडली: भर पावसाळ्यात, खड्ड्यांवरून जातानाही आत बसलेल्यांची डोकी फारशी हलत नसत.