आईवडिलांचे माहेर, लेकरांचा परदेश

परदेशस्थ मराठी कुटुंबांत अलीकडे एक स्वागतार्ह ओढ दिसू लागली आहे. सुट्टीत नातेवाइकांच्या भेटी आणि खरेदी आटोपून परतण्यापेक्षा दोन-चार आठवडे एखाद्या गावात राहावे, शाळेत शिकवावे, आरोग्य शिबिरात हातभार लावावा आणि हे सारे मुलाबाळांसह करावे, अशी ही ओढ आहे. रिसोडसारख्या तालुक्याच्या गावातील मुलेही आता शिकून दूरदेशी जातात, तेव्हा हा विषय आपल्या उंबरठ्यापर्यंत आला आहे. या कुटुंबांच्या भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच आहे, की अशा अल्पकाळच्या सेवेचा भार कोण वाहतो आणि तिचे फळ कोणाच्या पदरी पडते?

आधी वेळेचा विचार करू. अमेरिकेतील शाळांची मोठी सुट्टी जून ते ऑगस्टमध्ये असते. त्याच दिवसांत रिसोड तालुक्याचे डोळे मृगाकडे लागलेले असतात. पाऊस झाला की सोयाबीन-तुरीची पेरणी आणि मागोमाग डवरणी-निंदण. शिवाय उन्हामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. जूनच्या आरंभी शिकवायला आलेल्या कुटुंबाला शाळेला कुलूप आणि यजमान वावरात, अशी स्थिती आढळणार. ऑक्टोबरात यावे तर सोयाबीनची सोंगणी ऐन भरात. त्यातल्या त्यात सोयीचा काळ डिसेंबरअखेर ते जानेवारीचा. शाळा चालू असतात, हवा मुलांना सोसवणारी असते. पण नाताळची सुट्टी जेमतेम दोन आठवड्यांची!

या दोन आठवड्यांतही हाती काय उरते? हिवाळ्यात न्यूयॉर्क आणि रिसोड यांच्या घड्याळांत साडेदहा तासांचे अंतर असते. लहान मुलांची झोप रुळायला पाच-सहा दिवस सहज लागतात. मुंबईला उतरल्यावर रेल्वेने अकोला किंवा वाशीम गाठायचे आणि पुढे रस्त्याने रिसोड. पाणी बदलले की पोट बिघडते. मग उकळलेले पाणी, मऊ भात, जलसंजीवनी. अर्धा मुक्काम स्थिरस्थावर होण्यातच सरतो आणि या सगळ्याचा भार पडतो तो यजमानांच्या घरातील स्त्रीवर. ती तक्रार करणार नाही, कारण अतिथीला देव मानण्याचा संस्कार तिच्या रक्तात आहे. म्हणूनच हा हिशेब पाहुण्याने स्वतः मांडला पाहिजे. सेवा करायला आलेल्यांची सेवा करण्यातच गाव दमत असेल, तर सेवेचा अर्थ पुन्हा तपासावा लागेल.

याचा अर्थ लेकरांना मागे ठेवून यावे, असा मुळीच नाही. घराघरांत प्रवेश मिळतो तो लेकरांमुळेच. आईवडिलांसाठी जे माहेर आहे, ते या मुलांसाठी परदेश आहे, हे मात्र विसरू नये. रविवारच्या मराठी शाळेत गिरवलेली प्रमाण मराठी घेऊन ती येतात आणि इथे त्यांच्या कानी पडते ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’. आईवडील संकोचतात, मुले मात्र खेळता खेळता वऱ्हाडी उचलतात.

बालपणीची भाषा माणसाला कोठवर नेते, याचे एक उदाहरण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आहे. जस्टिन ॲबट (१८५३–१९३२) हे अमेरिकन मिशनरी दांपत्याचे पुत्र. लहानपणी आईवडिलांसमवेत ते महाराष्ट्रात आले आणि पुढे स्वतःही मिशनरी म्हणून येथे परतले. पण आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी हाती घेतले ते महिपतींच्या संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतर. १९२६ पासून निघालेल्या त्यांच्या ग्रंथमालेतून भानुदास, एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचले. वडील शिकवायला आले होते, मुलगा मात्र शिकून गेला. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने मनात ठेवावा असा हा दाखला आहे.

याउलट, मुलांच्या हातून वह्या-खाऊ वाटून घेणे आणि त्याची छायाचित्रे काढणे, ही पद्धत दोन्ही बाजूंच्या मुलांचे नुकसान करते. देणाऱ्या मुलाला वाटते, आपण दाते आहोत. घेणाऱ्याला वाटते, आपण याचक आहोत. एरवी ती दोघे विटीदांडूचे सवंगडी झाली असती. सेवेच्या नावाखाली समवयस्कांत ही उतरंड उभी करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

लेकरांसह सेवा म्हणजे काय, हे पाहण्यासाठी दूर जायला नको. मेळघाटातील बैरागड येथे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी संसार थाटला. त्यांचे पहिले अपत्य जन्मतःच गंभीर आजारी पडले, तेव्हा मोठ्या शहरातील रुग्णालयात हलवण्याचा सल्ला त्यांना मिळाला. गावातील इतर बाळांवर जे उपचार होतात तेच आपल्याही बाळावर करायचे, असे स्मिताताईंनी ठरवले. मूल वाचले आणि त्या दिवसापासून गावाने त्यांना आपले मानले. २०१९ मध्ये या दांपत्याला पद्मश्री मिळाली. गावाची मान्यता त्याच्या कितीतरी आधीची होती.

दोन आठवड्यांच्या पाहुण्याने असे धाडस करू नये. त्याने आपल्या मुलाला वेळीच अकोल्याला न्यावे, हेच योग्य. परंतु ज्याच्या खिशात परतीचे तिकीट आहे, त्याने गावाची जोखीम वाटून घेतलेली नसते. त्यामुळे उपदेशाचा अधिकारही त्याला मर्यादितच असतो.

वाशीमच्या मिशन रुग्णालयाचेच पाहा. १९३८ मध्ये ते उभे करणाऱ्या डॉ. ऑर्फा स्पाइकर अमेरिकेतून आल्या आणि सुमारे चार दशके या भागात राहिल्या. मिशनऱ्यांच्या धर्मांतराच्या हेतूविषयी आपले मतभेद स्पष्ट आहेत आणि ते राहतील. पण चार दशकांच्या मुक्कामाला दोन आठवड्यांच्या मुक्कामाने उत्तर देता येत नाही, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. टीकेपेक्षा चिकाटी अवघड असते.

मग अल्पकाळ येणाऱ्यांनी काय करावे? येण्यापूर्वी गावाला विचारावे, की आम्ही केव्हा यावे आणि कशाची गरज आहे. राहण्या-जेवणाचा खर्च उचलावा आणि घरकामात हात लावावा. पहिला आठवडा केवळ मुलांच्या रुळण्यासाठी आणि ऐकण्यासाठी ठेवावा. जिल्हा परिषदेचा शिक्षक, आशाताई, अंगणवाडीताई ही वर्षभर राबणारी माणसे आहेत. त्यांच्या जागी उभे न राहता त्यांच्या हाताखाली काम करावे. दरवर्षी नवे गाव न शोधता त्याच गावी, त्याच घरी पुन्हा यावे. दहा वर्षांत दहा वेळा दोन आठवडे, हाही एक प्रकारचा मुक्कामच आहे.

आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. परदेशातून आलेला तो मोठा, ही भावना सोडून त्याच्या मुलांना आपल्या मुलांसारखे वागवावे. चुकले तर रागवावे, वावरात न्यावे, हातात विळा नाही तरी टोपले द्यावे. ती मुले मोठी झाल्यावर रिसोडला येतील ती सेवा करायला नव्हे, घरी म्हणून. तेवढे साधले, तरी त्या दोन आठवड्यांचे चीज झाले असे समजावे.