आडात नाही, ते पोहऱ्यात कोठून?

जर्मनीच्या ऱ्हाइन-ऱ्हूर प्रदेशात जुलै २०२५ मध्ये भरलेल्या जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धेत भारतीय विद्यार्थ्यांनी २ सुवर्ण, ५ रौप्य आणि ५ कांस्य अशी १२ पदके मिळविली, आणि पदकांच्या क्रमवारीत भारताला विसावे स्थान लाभले. विजेत्यांचे कौतुक झाले आणि ते योग्यच झाले. परंतु त्याच स्पर्धेत जी एक लज्जास्पद गोष्ट घडली तिचा समाजाला विसर पडू लागला आहे, आणि तो पडू देणे आम्हांस इष्ट वाटत नाही. बॅडमिंटनच्या मिश्र सांघिक सामन्यांसाठी भारतीय विद्यापीठ संघाने बारा विद्यार्थी निवडले व जर्मनीस नेले. सामन्यांपूर्वी तेथे व्यवस्थापकांची बैठक भरते आणि तीत प्रत्येक देशाने आपल्या खेळाडूंची नावे द्यावयाची असतात. आपल्या पथकाबरोबर गेलेल्या अधिकाऱ्यांनी बारांऐवजी सहाच नावे दिली. परिणामी उरलेल्या सहा जणांना इतक्या दूर जाऊनही कोर्टावर पाऊल टाकता आले नाही. ज्या सहा जणांना खेळता आले त्यांनी या प्रकारातील भारताचे पहिले पदक, कांस्य का होईना, जिंकून आणले. दैव देते अन् कर्म नेते, या म्हणीचा याहून बोलका दाखला मिळणे कठीण!

हा निव्वळ कारकुनी प्रमाद होता असे म्हणून हात झटकू पाहणाऱ्यांस आम्ही त्यापूर्वी दोनच वर्षे घडलेल्या एका प्रसंगाची आठवण देऊ इच्छितो. २०२३ मध्ये ही स्पर्धा चीनमधील चेंगडू येथे झाली. त्या वेळी अरुणाचल प्रदेशातील तीन वूशू खेळाडूंच्या पारपत्रांवर रीतसर व्हिसा न उमटविता तो वेगळ्या कागदावर टाचून देण्याची आगळीक चीनने केली. अरुणाचल हा भारताचा अविभाज्य भाग आहे. तेव्हा तेथील नागरिकांना वेगळी वागणूक देणे म्हणजे भारताच्या सार्वभौमत्वावरच शंका घेणे होय. म्हणून भारताने आपले सारे वूशू पथकच मागे ठेवले. त्या मुलांचीही संधी हुकली. परंतु ती कशापायी हुकली, हे त्यांना कोणापुढेही मान वर करून सांगता येईल. जर्मनीतील सहा जणांनी काय सांगावे? त्यांची संधी तत्त्वासाठी गेली नाही, देशहितासाठीही गेली नाही. आपल्याच वडीलधाऱ्यांच्या निष्काळजीपणाला ती बळी पडली. या स्पर्धेला पंचवीस वर्षांची वयोमर्यादा आहे आणि ती दोन वर्षांतून एकदा भरते. तेव्हा अनेकांच्या बाबतीत हुकलेली संधी ही कायमचीच हुकलेली असते.

भारतीय विद्यापीठ संघाने या प्रकरणी चौकशी आरंभिली आणि एका अधिकाऱ्यास निलंबितही केले. एवढ्याने प्रकरण मिटले, असे मात्र आम्हांस वाटत नाही. १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून जन्मास आलेल्या या संस्थेच्या शताब्दीच्याच वर्षी असे घडावे, हा केवळ दैवदुर्विलास नव्हे. आमच्या मते सहा नावांची ती यादी हे रोगाचे लक्षण आहे. रोग निराळाच आहे. आपली विद्यापीठे आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धांस संघ पाठवितात, पण त्यांच्या आवारात खेळ राहत नाही. जी गोष्ट घरी रोजच्या सवयीची नाही ती परदेशात नेटकेपणाने कशी पार पडावी?

हे विधान कोणास कठोर वाटेल. म्हणून पदकांचाच हिशेब पाहू. चेंगडूला भारताने ११ सुवर्णपदकांसह २६ पदके मिळविली. १९५९ पासून तोपर्यंतच्या सर्व स्पर्धांतील आपल्या पदकांची बेरीजही तेवढी भरत नव्हती. साहजिकच विद्यापीठीय क्रीडेत नवे युग अवतरल्याचा घोष झाला. पुढच्याच स्पर्धेत २६ ची १२ झाली, तेव्हा अधोगतीचा विलाप सुरू झाला. दोन्ही गोष्टी सारख्याच उथळ होत. चेंगडूच्या पदकांपैकी बहुतेक नेमबाजी व तिरंदाजी या दोनच प्रकारांतील होती, आणि ऱ्हाइन-ऱ्हूरच्या कार्यक्रमात नेमबाजीचा अंतर्भावच नव्हता. म्हणजे २०२३ मध्ये विद्यापीठे एकाएकी जागी झाली नव्हती आणि २०२५ मध्ये ती एकाएकी झोपी गेली नाहीत. मनू भाकर, इलावेनिल वालारिवन, ऐश्वर्य प्रतापसिंह तोमर, सिफ्त कौर सामरा या नेमबाजांनी चेंगडूला सुवर्णपदके पटकावली, याचा आम्हांस अभिमान आहे. पण त्यांची जडणघडण राष्ट्रीय शिबिरांत, खाजगी प्रशिक्षकांच्या हाताखाली आणि आईबापांच्या पदरच्या खर्चावर झालेली होती. मनू भाकर तर २०२१ मध्येच टोकियोच्या ऑलिंपिकला जाऊन आली होती. त्यांची नावे विद्यापीठांच्या पटावर होती इतकेच. पटावरील नाव आणि हाताखालचे शिक्षण यांतला भेद शाळामास्तरालाही कळतो. तो कुलगुरूंना कळू नये?

या स्पर्धाच मुळात दुय्यम आहेत, त्यांचे एवढे मनास का लावून घ्यावे, असाही एक आक्षेप संभवतो. तो अज्ञानमूलक आहे. १९५९ मध्ये इटलीतील तूरिन शहरी पहिली स्पर्धा भरली. शीतयुद्धाच्या त्या काळात पूर्व व पश्चिम या दोन्ही गटांचे विद्यार्थी तेथे एकत्र आले, आणि पदकदानाच्या वेळी निरनिराळ्या देशांच्या राष्ट्रगीतांऐवजी युरोपातील विद्यार्थ्यांचे एक जुने लॅटिन गीत वाजविण्याची प्रथा तेथे पडली. विद्यार्थी हा आधी विद्यार्थी आणि मग स्पर्धक, ही त्यामागील उदात्त कल्पना. पण म्हणून खेळाचा दर्जा खालावला नाही. तूरिनला धावण्याच्या शर्यती जिंकणारा इटलीचा लिव्हियो बेरूती हा रसायनशास्त्राचा विद्यार्थी पुढल्याच वर्षी रोमच्या ऑलिंपिकमध्ये २०० मीटरचा विजेता ठरला. १९७९ मध्ये मेक्सिको सिटीच्या विद्यापीठ स्पर्धेत पिएत्रो मेन्नेआने २०० मीटरचे अंतर १९.७२ सेकंदांत तोडले. तो विश्वविक्रम १९९६ पर्यंत अबाधित होता. त्याच मेक्सिको सिटीत पुण्याच्या नंदन बाळ यांनी टेनिसमध्ये रौप्यपदक मिळविले होते. त्यानंतर या स्पर्धेत टेनिसचे पदक भारतास पाहावयास मिळाले ते थेट २०२५ मध्ये, तेही पुण्याच्याच वैष्णवी आडकर हिच्या कांस्यपदकाने. एका शहराने ४६ वर्षांच्या अंतराने दोन पदके द्यावीत आणि मधल्या काळात अवघ्या देशाच्या विद्यापीठांतून एकही येऊ नये, याचा अर्थ उघड आहे. गुण अधूनमधून उपजतो. त्याची परंपरा निर्माण करणारी व्यवस्था नाही.

व्यवस्था असली म्हणजे काय होते हे पाहावयाचे तर जपानकडे पाहावे. नववर्षाच्या २ व ३ जानेवारीला टोकियो ते हाकोने आणि परत अशी विद्यापीठांची पल्ल्याची सांघिक शर्यत तेथे १९२० पासून होत आली आहे. दहा धावपटूंनी मिळून दोन दिवसांत दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतर तोडावयाचे असते आणि ते पाहण्यास रस्त्याच्या दुतर्फा लोक थंडीत उभे राहतात. विद्यापीठाच्या नावाने धावणारा मुलगा हा तेथे घराघरांतील कौतुकाचा विषय असतो. आंतरराष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धांत जपान पदकतालिकेच्या वरच्या भागात दिसतो, त्याचे मूळ येथे आहे. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आंतरविद्यापीठीय क्रीडेतील सर्वांगीण कामगिरीबद्दल मिळणारा मौलाना अबुल कलाम आझाद चषक पंजाबातील पतियाळा, अमृतसर आणि चंदिगड येथील विद्यापीठांकडे वारंवार का जातो? तेथील हवापाण्यात काही जादू आहे म्हणून नव्हे. तेथे मैदाने, वसतिगृहे, आहार आणि प्रशिक्षक यांवर वर्षानुवर्षे पैसा आणि लक्ष खर्च झाले आहे म्हणून.

महाराष्ट्राचे काय? १९३५ पासून खेळल्या जाणाऱ्या रोहिंटन बारिया चषकाच्या क्रिकेट सामन्यांत मुंबई विद्यापीठाचा एके काळी केवढा दरारा होता! सुनील गावसकर याच सामन्यांतून पुढे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकले, ही हकिकत महाराष्ट्रात आजही आदराने सांगितली जाते. आम्ही ती सांगतो ती प्राचार्यांनी घरे गहाण टाकावीत म्हणून नव्हे. विद्यार्थ्याची संधी ही आपली जबाबदारी आहे असे मानणारा शिक्षक त्या काळी होता, आणि जर्मनीतील त्या बैठकीत त्याचा अभाव होता, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे. साताऱ्याच्या साहिल जाधवने ऱ्हाइन-ऱ्हूरला तिरंदाजीच्या अंतिम सामन्यात ब्रिटनच्या स्पर्धकावर १४९-१४८ अशी एका गुणाने मात करून सुवर्णपदक घेतले. मराठी मातीत नेम धरणारे हात आहेत, हे त्यावरून सिद्धच झाले. ते हात घडविण्यात आमच्या विद्यापीठांचा वाटा किती, हा प्रश्न उरतोच.

आम्ही काही वर्षे शाळेत अध्यापन केले आहे. परीक्षा जवळ आली की वेळापत्रकातून प्रथम कशाचा तास जातो, हे आम्हांस ठाऊक आहे. ज्या मध्यमवर्गातून आमचे बहुसंख्य वाचक येतात, त्यानेही या बाबतीत आत्मपरीक्षण करावे. मुलाने खेळावे, पण दहावीपर्यंत. पुढे खेळलाच तर क्रीडागुणांपुरते आणि नोकरीतील राखीव जागेपुरते, हे धोरण घरोघर चालते. खेळ हे गुण मिळविण्याचे साधन ठरले की प्रमाणपत्राचे मोल खेळाहून वाढते, आणि जेथे प्रमाणपत्राचे मोल वाढते तेथे निवडीत गैरव्यवहारास वाव मिळतो. अभ्यास आणि खेळ यांचे वैर आहे, ही समजूतही सोडून द्यावयास हवी. वैर असते ते आपल्या परीक्षापद्धतीचे. राष्ट्रीय स्पर्धेस गेलेल्या विद्यार्थ्याची परीक्षा पुन्हा घेणे विद्यापीठास अशक्य नाही. फक्त ती कृपा न राहता त्याचा हक्क झाली पाहिजे.

उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या सरकारी पाहणीनुसार देशात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी आहेत. इतक्यांतून बाराच पदके का, असा बाळबोध त्रैराशिकाचा प्रश्न आम्ही विचारीत नाही. या कोट्यवधींपैकी किती जण महाविद्यालयाच्या तीन-चार वर्षांत एकदा तरी मैदानावर उतरतात, हा आमचा प्रश्न आहे. २०२० पासून केंद्र सरकारने ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धा सुरू केल्या. महाराष्ट्रात ‘अश्वमेध’ भरतो. हे उपक्रम स्तुत्य होत. तथापि स्पर्धा हे पीक आहे, शेत नव्हे. ज्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालकाची जागा रिकामी आहे आणि मैदानावर वाहने उभी केली जातात, तेथून स्पर्धेस संघ गेला तरी तो बाहेर तयार झालेल्या खेळाडूंचाच असणार.

२०२७ ची जागतिक विद्यापीठ स्पर्धा दक्षिण कोरियाच्या चुंगचोंग प्रदेशात व्हावयाची आहे. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले आहे आणि २०३६ चे ऑलिंपिक भारतात भरविण्याची आकांक्षा सरकारने बोलून दाखविली आहे. जगाला घरी बोलावू पाहणाऱ्या राष्ट्राला बारा नावांची यादी नीट देता येऊ नये, ही विसंगती आता तरी दूर व्हावी. त्यासाठी भारतीय विद्यापीठ संघाने तीन गोष्टी विनाविलंब कराव्यात. निवडीचे निकष व निवडलेल्यांची नावे प्रस्थानापूर्वी पुरेसे दिवस आधी जाहीर करावीत. पथकाबरोबर जाणारा व्यवस्थापक त्या खेळाचा जाणकार असावा आणि त्याच्या नियुक्तीचे कारण लेखी नोंदलेले असावे. परदेशगमन हे कोणाच्याही सेवेचे बक्षीस नव्हे. आणि अन्याय झालेल्या विद्यार्थ्यास दाद मागता येईल असे एक स्वतंत्र मंडळ असावे, म्हणजे आपली कैफियत त्याला समाजमाध्यमांवर मांडत बसावे लागणार नाही.

विद्यापीठांकडून आमची अपेक्षा याहून मोठी आहे, आणि ती एका वर्षात पुरी होणारी नाही, हेही आम्ही जाणतो. पण या तीन गोष्टींना ना पैसा लागत, ना मैदान. त्या सहा विद्यार्थ्यांपैकी ज्यांचे वय २०२७ मध्ये मर्यादेपलीकडे गेलेले असेल, त्यांना गेलेली संधी कोणीच परत देऊ शकत नाही. त्यांच्या मागून येणाऱ्यांवर तशीच पाळी येऊ न देणे, एवढे मात्र आपल्या कुलगुरूंच्या हाती निश्चित आहे.