मायला झोपू द्या

मुंबईच्या गोदीत शिफ्ट सुटली की दुसरी टोळी ओझ्याला खांदा देते. कनेरगाव नाक्याला माझ्या मायला बदलीच नाही. लकव्यानं पडलेल्या बापाचं हागणंमुतणं, गोळ्या, जागरण, सारं तिच्याच डोक्यावर. वरून लोक म्हणतात, 'नीट पाहत नाही.'

माईसाहेबांचं काय केलं आपण? १९४८ पासून १९५६ पर्यंत बाबासाहेबांचं दुखणं सांभाळलं. महापरिनिर्वाणानंतर संशय त्यांच्यावरच. चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी बोटं खाली आली नाहीत.

सेवा करणारीला त्यागमूर्ती म्हणून हार घालू नका. तीही थकते, चिडते, रडते; तो गुन्हा नव्हे. वस्तीत आळीपाळी लावा. एक रात्र तुम्ही जागा, दवाखान्याची एक चक्कर तुम्ही मारा.

मोर्चाइतकंच हेही काम चळवळीचं.